मागचं दार

तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा' यांतच हयात गेली म्हणा ना! पण एका विषयावर पाच मार्कांचा प्रश्न कधी कुणी काढला नाही, आणि तो विषय म्हणजे मोटारीचं मागचं दार.

हसू नका. गाडी घ्यायची म्हटली की घरोघरी एक वाद ठरलेला असतो. चालवणाऱ्याला वाटतं, पाय ठेवताच उसळी मारणारी, वळणावर रस्ता न सोडणारी गाडी हवी. बाकीच्यांना वाटतं, चार माणसं ऐसपैस बसावीत, डिकीत बॅगा मावाव्यात, पेट्रोल कमी प्यावं आणि गाडीचं नाव ऐकताच गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावू नये. एकीकडे हौस, दुसरीकडे सोय. मोटारींवर लिहिणारे जाणकार हा वाद इंजिन, गिअर आणि टायरच्या भाषेत मांडतात. ते पुढच्या सीटवरून लिहितात ना! मी आयुष्याची पहिली अठ्ठावन्न वर्षं मागच्या सीटवर काढली आणि तिथून हा इतिहास जरा निराळा दिसतो. चालवण्याचा आनंद एकाच सीटवर असतो, गैरसोय मात्र उरलेल्या सगळ्यांत वाटली जाते. आणि त्या उरलेल्यांना आत शिरायला वाट आहे की नाही, यावर आपल्याकडे कितीतरी गाड्यांचं नशीब ठरलं आहे.

सुरुवात आपल्या सोलापूरच्या माणसापासून करू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला. आधी तिथे डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा अगडबंब अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे सरकारने धोरण आखलं, की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, जे इथे भाग बनवतील त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५० च्या दशकात निघून गेल्या. मध्यमवर्गाने नाव घ्यावं अशा उरल्या तीन गाड्या. कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची जवळजवळ तीस वर्षं आपलं मोटारविश्व ते एवढंच. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. नंबर लावला तेव्हा मुलगी पाळण्यात आणि गाडी आली तेव्हा मुलगी सासरी, असं आमच्याकडे गमतीने म्हणत.

तुम्ही म्हणाल, तीनच गाड्या, त्यांत कसली आली निवड? पण होती हो! अँबॅसडर ही मागच्या सीटची गाडी होती. साहेब मागे बसणार, ड्रायव्हर चालवणार, टपावर दिवा, खिडकीला पडदे. कलेक्टरपासून मंत्र्यापर्यंत सगळा सरकारी कारभार त्या मागच्या गादीवर बसून चालायचा. फियाट ही मालकाने स्वतः चालवायची गाडी. १०८९ सीसीचं लहानसं इंजिन, अंगाने हलकी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला, आणि बोळात शिरली तरी चटकन वळणारी. आमच्या पंचवटी कारंज्यामागच्या गल्ल्यांतून अँबॅसडर काढायची म्हणजे मिरवणुकीतला हत्ती काढण्यासारखं. फियाट मात्र सायकलवाल्याला चुकवून निघून जायची. मुंबईने टॅक्सी म्हणून फियाटच उचलली ती काही उगीच नाही.

आणि गंमत अशी, की ही हौसेची फियाट सोयीलाही कमी नव्हती. पुढची सीट सलग, बाकासारखी. गिअर वरच असल्यामुळे पायांशी मोकळं. म्हणून पुढे तिघं आणि मागे मांडीवरच्या पोरांसकट जेवढी मावतील तेवढी. आमच्या वाड्यातल्या डॉक्टरांच्या फियाटमधून मी पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो. परतताना कसाऱ्याच्या घाटात रेडिएटर उकळला. बॉनेट उघडून सगळे दगडांवर बसलो, दशम्या सुटल्या, आणि इंजिन थंड होईपर्यंत डॉक्टरांनी आम्हाला खालच्या बाजूने चढणारी रेल्वे दाखवली. डॉक्टरांना त्या अर्ध्या तासाचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. गाडी चालवणाऱ्याला ती बिघडल्यावरही थोडा आनंद होत असावा, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

१९७३-७४ च्या सुमारास या फियाटची 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी अखेरची धावली. तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. पण हळहळणाऱ्यांपैकी कुणाच्या दारात पद्मिनी होती, हे मी विचारलं नाही. असो.

आता दाराकडे येतो. तिसरी गाडी, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. मुळात ही इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ सालची. मिशेलोत्ती नावाच्या इटालियन कारागिराने रेखलेली, अतिशय देखणी. लहानशा जागेत वळायची, बॉनेट उघडलं की पुढची चाकं आणि इंजिन सगळं एकदम उघड्यावर यायचं. तरुणांची, हौशी लोकांची गाडी. तिला दारं होती दोन. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून शिरायचं. इंग्लंडात ती शेवटपर्यंत दोन दारांचीच राहिली. भारतात १९६१ पासून ती तशीच विकली गेली आणि मग १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या कारखान्याने एक काम केलं, जे तिच्या माहेरच्या लोकांनी कधीच केलं नाही. तिला चार दारं बसवली! चार दारांची हेराल्ड जगात फक्त भारतातच झाली. का झाली? कारण इथे गाडीत फक्त नवरा-बायको बसत नाहीत. नऊवारी नेसलेली आजी बसते, तिच्या हातात डबा असतो, आणि तिला कुणी 'सीट वाकवतो, तुम्ही आत घुसा' असं म्हणू शकत नाही. माझ्या मते आपल्या मोटारीच्या इतिहासातला हा पहिला मोठा निकाल. फिर्यादी आजी, प्रतिवादी हौस. निकाल आजीच्या बाजूने.

पण एक वाहन असंही होतं की ज्याला दारंच नव्हती. जीप!

आम्हा नाशिककरांना जीप लहानपणापासून माहीत, कारण देवळालीची छावणी. तोफखान्याच्या गाड्या रस्त्याने जाताना दिसायच्या. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेने बनवलेलं हे यंत्र. सोय आणि हौस हे दोन्ही शब्द त्याच्या गावीही नव्हते. चिखलातून, नदीतून, डोंगरावरून माणूस आणि बंदूक पोचवायची एवढंच काम. २ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्रा बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीची 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून त्यांनी मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, मग हळूहळू सगळीच इथे बनू लागली. फौजदार, वनखातं, पाटबंधारे, तहसीलदार... ग्रामीण महाराष्ट्रात सरकार यायचं ते जीपमधूनच यायचं.

माझ्या मामांनी अशीच एक वापरलेली जीप घेतली होती. पिंपळगावच्या बाजूला त्यांची द्राक्षं आणि कांदा. आजोबांना हिशेब सांगितला, की शेतात खतं न्यायला बरी, चिखलात बैलगाडी रुतते तिथे ही जाते. सगळं खरं. पण खरं कारण वेगळं होतं, ते मला रविवारी कळायचं. मामा पुढची काच बॉनेटवर आडवी पाडायचे (ती तशी पाडता यायची), टोपी खिशात कोंबायचे आणि दिंडोरीच्या रस्त्याला लागायचे. वणीला देवीच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत. वारा थेट तोंडावर. गिअर बदलताना मामांचा चेहरा बघत राहावा! एरवी अबोल माणूस, जीपमध्ये गाणी म्हणायचा. मी मागे पत्र्याच्या बाकावर आडवा बसलेला, दोन्ही हातांनी दांडा धरून. समोर बसलेल्या मामीने पदर तोंडावर घट्ट गुंडाळलेला. एकदा उतरल्यावर ती म्हणाली, "तुमच्या मामांना वारा लागतो, आम्हाला धूळ लागते."

हौस आणि सोय या वादावर पुढे मी बरंच वाचलं, पण मामीपेक्षा नेमकं कुणी बोललेलं मला आढळलं नाही.

मग १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. नाशिककरांना एक मारुती आधीच ठाऊक होता, गंगेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) पुराचं पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की छातीला, यावर गावात चर्चा चालते. एक तोंड या बाजूला, एक त्या बाजूला. गाडी घेणारा आपला माणूस थेट तसाच. एका तोंडाने हौस बघतो, दुसऱ्याने हिशेब. आणि मारुती ८०० ने काही वर्षं ही दोन्ही तोंडं गप्प केली. आज खरं वाटणार नाही, पण १९८५ मध्ये ती हौसेची गाडीसुद्धा होती. पद्मिनीच्या पुढे ती खारीसारखी पळायची, पेट्रोल कमी प्यायची, आणि चार दारं तर पहिल्यापासूनच होती. सचिन तेंडुलकरची पहिली गाडी मारुती ८००च होती, हे त्यानेच सांगितलेलं आहे. पुढे त्याच्याकडे फेरारी आली, ती गोष्ट वेगळी.

१९९१ साली पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, एक धाडस केलं. गाडीचं नाव सिएरा. तोवर ट्रक बनवणाऱ्या कारखान्याची ही खाजगी माणसासाठी काढलेली गाडी. मागच्या बाजूला भल्यामोठ्या काचा, टपापर्यंत वळत गेलेल्या. एअरकंडिशनर, बटणावर उघडणाऱ्या खिडक्या. जो बघे तो थांबून बघे. पण दारं दोनच! मागच्या त्या सुंदर काचेपाशी बसायचं तर पुन्हा पुढची सीट वाकवा. काच देखणी पण उघडत नाही. लोकांनी सिएराची तारीफ केली आणि घेतली मात्र दुसरी गाडी. १९९४ साली त्याच कंपनीची सुमो आली. सुमंत मूळगावकर या टाटांच्या थोर इंजिनिअरच्या नावातली अक्षरं घेऊन ठेवलेलं नाव. चौकोनी, खोक्यासारखी, आणि दहा माणसं पोटात घेणारी. गावोगावी लग्नाची वऱ्हाडं सुमोतून जाऊ लागली. सिएरा भिंतीवरच्या चित्रात राहिली.

इथे एक घरगुती गोष्ट सांगतो. १९९६ च्या पावसाळ्यात माझी आई मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. रात्री साडेनऊची वेळ, पाऊस कोसळतोय. आमच्या एका स्नेह्यांकडे तेव्हा दोन दारांची गाडी होती. नाव घेत नाही, गाडीचा काय दोष! माणूस सोन्यासारखा, ताबडतोब गाडी घेऊन दारात हजर. पण आईला आत घ्यायची कशी? पुढे बसवता येईना, कारण तिला बसताच येत नव्हतं. मागे आडवी करावी तर सीट वाकवून उरलेल्या फटीतून तिला आत सारायचं कसं? आम्ही दोघं भिजत उभे, आई खुर्चीवर कण्हतेय. स्नेह्यांचा चेहरा मला अजून आठवतो. ज्या गाडीचा त्यांना एवढा अभिमान, तिच्याकडे ते असे बघत होते, की जणू आज पहिल्यांदा पाहताहेत.

शेवटी शेजारचा मुलगा दिंडोरी नाक्यावर धावला आणि काळी-पिवळी जीप घेऊन आला. पेठ, दिंडोरीकडे माणसं कोंबून नेणारी, रंग उडालेली, हेडलाइट एकच लागणारी. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं, दोन बाकांच्या मधल्या पत्र्यावर गादी अंथरली, आणि आईला खुर्चीवरून उचलून अलगद आत ठेवली. भाडं नेहमीचंच घेतलं. आई नंतर सात वर्षं काठी घेऊन हिंडली-फिरली. ती काळी-पिवळी दिसली की म्हणायची, "ही माझी गाडी."

त्यामुळे कुणी तरुण माणूस मला सांगू लागला, की मागच्या दाराचं एवढं काय घेऊन बसलात, तर मी वाद घालत नाही. नुसता हसतो.

मात्र एवढ्यावरून सोय नेहमी जिंकते असं समजू नका. नुसती सोय विकली जात नाही, हेही इतिहासानेच दाखवून दिलं, आणि तेही आमच्या नाशकात. सातपूरचा महिंद्राचा कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. माझे कितीतरी विद्यार्थी तिथे लागले. रस्त्यात भेटले की कोणतं मॉडेल येतंय ते कानात सांगायचे. २००२ साली इथली स्कॉर्पिओ आली. उंच, दणकट, चालवणाऱ्याला रस्त्याचा मालक झाल्यासारखं वाटायला लावणारी. ती धडाक्याने खपली. पाच वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच कारखान्यातून रेनॉच्या भागीदारीत लोगान आली. शुद्ध सोय! मागच्या सीटवर तीन मोठी माणसं खांदा न भिडवता बसायची, डिकी केवढी तरी, बिघडण्याची कटकट कमी. गृहिणीने यादी करून मागवावी तशी गाडी. पण दिसायला कपाटासारखी. शिवाय २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना करात सूट दिली होती, आणि लोगान चार मीटरहून लांब! लोकांनी तिला टॅक्सी केली. रेनॉ २०१० मध्ये बाजूला झाली, गाडीचं नाव 'व्हेरिटो' झालं, पण नशीब काही बदललं नाही. तिकडे टाटांच्या नॅनोचंही तेच. २००९ साली रस्त्यावर आलेली, सगळ्यांत स्वस्त, हिशेबाची परमावधी. पण 'सगळ्यांत स्वस्त' हे विशेषण स्वतःच्या दारात उभं करायला कुणाला आवडतं? (तिची मागची डिकी बाहेरून उघडायची सोय २०१५ पर्यंत नव्हती, हे दारांच्या इतिहासात नोंदवून ठेवतो.)

उलट बाजूला नुसत्या हौसेची गतही बरी नव्हती. फियाटने २००१ साली पॅलिओ आणली, जाहिरातीत साक्षात सचिन. तिचं १.६ लिटरचं इंजिन जाणत्यांनी डोक्यावर घेतलं. पण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न, "लिटरला किती देते?" उत्तर ऐकून गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीला सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची, फायबरच्या अंगाची उघडी गाडी बनली होती. मागचं दारच काय, मागची सीटही नाही! किती जणांनी ती रस्त्यावर बघितली असेल, देव जाणे. फियाटची चांगली चीज शेवटी चालली ती दुसऱ्याच्या घरात. रांजणगावला बनणारं तिचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन टाटांनी घेतलं, मारुतीने परवाना घेऊन स्वतः बनवलं आणि स्विफ्टमध्ये बसवलं. तेच इंजिन फियाटच्या बॉनेटखाली असलं की लोक बिचकायचे, स्विफ्टच्या बॉनेटखाली असलं की रांग लावायचे. सर्व्हिस सेंटर कोपऱ्यावर आहे की नाही, हा प्रश्न इंजिनापेक्षा मोठा ठरला. २०१९ मध्ये फियाटने भारतातली गाड्यांची विक्रीच थांबवली. मला वाईट वाटलं. डॉक्टरांची आठवण झाली.

आणि मग जीप परत आली. नाव थार. २०१० सालची पहिली थार म्हणजे थेट मामांचीच जीप, मागे आडवे बाक, आत शिरायचं मागून. तिला घेणारे लोक मोजके, पण वेडे. २ ऑक्टोबर २०२० ला, कंपनीच्या वाढदिवशी, नवी थार आली. पक्कं छप्पर, समोर तोंड करून बसायची मागची सीट, ऑटोमॅटिक गिअर. बाजूची दारं मात्र दोनच. सगळ्या इतिहासाप्रमाणे ती पडायला हवी होती. ती पडली नाही! महिनोन्‌महिने लोक थांबले, जसे एकेकाळी फियाटसाठी थांबत. आमच्या सातपूरच्या गाडीला कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत गिऱ्हाईक. मी मनातल्या मनात मामांना म्हटलं, बघा, जिंकलात.

पण थांबा. जानेवारी २०२३ मध्ये थारची एक स्वस्त आवृत्ती आली. इंजिन दीड लिटरचं, म्हणजे चार मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत लागू. किंमत दहा लाखांच्या आत सुरू. आणि चार चाकांना जोर देणारी यंत्रणा काढून टाकलेली, जोर फक्त मागच्या दोन चाकांना. ज्या एका गुणासाठी जीप जन्माला आली तोच काढला आणि गाडी आणखीच खपू लागली. यावर खरे हौशी लोक संतापले. मी संतापलो नाही. नव्वद टक्के लोक चिखलात कधी जाणारच नसतात, त्यांना जाऊ शकतो असं वाटायला हवं असतं. हौसेचं हे रूप मला नवं नाही. इतिहासात तलवारी कमरेला लटकवून हिशेब लिहिणारे पुष्कळ होऊन गेले.

आणि १५ ऑगस्ट २०२४ ला शेवटी ती गोष्ट घडलीच. थार रॉक्स. थारला मागची दारं! ३ ऑक्टोबरला नोंदणी उघडली आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे पहिल्या तासाभरात एक लाख शहात्तर हजारांहून जास्त लोकांनी नंबर लावला. म्हणजे एवढे लोक इतकी वर्षं बाहेर उभे होते, आत शिरायला दाराची वाट बघत. हेराल्डचाच खटला पुन्हा चालला म्हणायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी सिएरा आली, तिलाही मागची दारं. त्या जुन्या काचेची आठवण म्हणून काळ्या रंगाची एक फसवी पट्टी तेवढी ठेवली आहे.

या निकालाला एक अपवाद आहे, तो लपवत नाही. मारुतीची जिम्नी. जगभर ही तीन दारांची, लहान मुलांच्या खेळण्यासारखी गोड गाडी. आपल्यासाठी म्हणून मारुतीने २०२३ मध्ये तिची पाच दारांची आवृत्ती काढली. आणि आपण तिच्याकडे फारसं बघितलंही नाही! महाग वाटली, मागे जागा बेताची वाटली. तीच गाडी भारतात बनून जानेवारी २०२५ मध्ये जपानला गेली आणि चारच दिवसांत सुमारे पन्नास हजार मागण्या आल्या. कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. आमच्या आजीसाठी काढलेलं दार जपानी आजोबांना आवडलं!

आता माझं स्वतःचं. निवृत्तीनंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी गाडी चालवायला शिकलो आणि एक जुनी, उंच टपाची, चार दारांची छोटी गाडी घेतली. उंच यासाठी की सौ.चे गुडघे. बसताना वाकावं लागत नाही, खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. सगळी निवड मागच्या सीटच्या बाजूने केली. पण श्रावणात एकदा त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो, अंजनेरीवर ढग उतरलेले, रस्ता धुतलेला, पुढे कुणी नाही, आणि चौथ्या गिअरमध्ये ती छोटीशी गाडी काय सुंदर चालली हो! मी गुणगुणायला लागलो. सौ. मागून म्हणाली, "मामा अंगात आले वाटतं." तिला मामांची जीप माहीत होती. लग्नानंतर पहिल्यांदा पिंपळगावला गेली ती त्यातूनच, आणि शालू धुळीने पार भुरा झाला होता, हे ती अजून ऐकवते.

हे सगळं आठवायचं कारण माझी पुण्याची भाची. तिला गाडी चालवण्याचं भारी वेड. नवरा आपला बाजूला बसून मोबाईल बघतो, गाडी हिच्याच हातात. तिला हवी आहे ती दोन दारांचीच थार, चारी चाकांना जोर असलेली, हाताने गिअर बदलायची. मागची दारं आली की ती जीप राहत नाही, असं तिचं म्हणणं. घरात सासूबाई आहेत, सत्त्याहत्तर वर्षांच्या. दिवाळीत यावर आमच्याकडे दोन तट पडले. मला इतिहासकार म्हणून निवाडा विचारला. मी तिला मामीचं वाक्य सांगितलं, आईची रात्र सांगितली. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, पण तुमच्या मामींना कुणी कधी गाडी चालवायला दिली होती का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामीने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पुढच्या सीटवर बाई बसेल हे माझ्या सगळ्या इतिहासात कुठेच धरलेलं नाही, हे खरं. पण सासूबाईंचे गुडघेही खरे आहेत. मी एवढंच सांगितलं, की पैसे भरण्याआधी त्यांना घेऊन शोरूममध्ये जा, मागे बसवून बघ आणि मग ठरव.

गेल्या रविवारी ती सगळ्यांना घेऊन गेली. संध्याकाळी फोन आला. म्हणाली, सासूबाईंना मागे चढवायला सीट वाकवली, तर त्यांनी मागे बघितलंही नाही. पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला आणि चढून थेट पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. वर मुलाला म्हणाल्या, "मागे तू बस. तुझे गुडघे अजून चांगले आहेत."

नोंदणी अजून केलेली नाही. जावईबापू विचार करताहेत.